बिब्ब्याची खूण : चांद्याकडच्या धुण्याचा अलिखित इतिहास

मराठीच्या एम. ए.च्या वर्गात लोकवाङ्मयाची ओळख करून देताना जात्यावरच्या ओव्यांचा भाग दरवर्षी येतो. पहाटेचा अंधार, जात्याची घरघर, समोरासमोर बसलेल्या दोघी जणी, माहेरची आठवण, भावाची वाट. ही मांडणी आम्हांला इतकी सवयीची झाली होती की तिच्यात विचारण्याजोगा प्रश्न उरला असेल असे वाटत नव्हते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या विद्यार्थिनीने तो विचारला. ‘सर, दळण्याच्या ओव्या आहेत, कांडण्याची गाणी आहेत, मग धुणं धुण्याची का नाहीत? आमच्याकडे दळण कधीचंच चक्कीवर जाते, धुणं मात्र अजून मायच धुते.’

वर्ग हसला. आम्ही काहीतरी सांगून तास पुढे नेला. पण तास संपल्यावर विभागात मराठीचे आम्ही तिघे-चौघे त्या प्रश्नावर बोलत बसलो आणि वर्गात दिलेले उत्तर हे उत्तर नव्हते, हे कबूल करावे लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा लांबलेला पाठपुरावा आहे.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे जाते. त्या ओव्यांत नदीवर धुणे नेणारी बाई भेटते, धुण्याचा दगड भेटतो. म्हणजे धुणे हा ओवीचा विषय होऊ शकतो. पण ओवी जन्मते ती जात्याशी, धुण्याच्या दगडाशी नव्हे. याची काही कारणे सहज सुचतात. दळताना बाई बसलेली असते, हाताला गोल फिरण्याची एक लय असते, घर झोपलेले असते. धुताना ती वाकलेली असते, प्रत्येक आपटण्यासरशी श्वास तुटतो, शेजारच्या दगडावर दुसरीचे आपटणे चालू असते, आणि दिवस डोक्यावर येत असतो. अशा स्थितीत बोलणे होते, भांडण होते, बातम्यांची देवघेव होते. चार चरणांची ओवी जुळत नाही.

परंतु गाणे नसणे ही तुलनेने लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट अशी की घरच्या धुण्याची नोंदच जवळजवळ कोठे नाही. मराठीत ‘धुणे’ हा शब्द क्रिया सांगतो आणि वस्तूही सांगतो. धुणे भिजवतात, पिळतात, वाळत घालतात. वाळून घडी झाली की ते धुणे राहत नाही, कपडे होतात. अंगावर चढून उतरले की पुन्हा धुणे. दळणाचे पीठ उरते, कांडणाचा तांदूळ उरतो. धुण्याचे काम चांगले झाले याची खूण एवढीच, की कालचा मळ आज दिसत नाही. मागे काही उरू न देणे हेच ज्या कामाचे यश, त्याचा इतिहास कोणत्या साधनांनी लिहावा, हा आमच्यापुढचा प्रश्न होता. आम्ही राहतो आणि शिकवतो तो चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

*

सुरुवात एका फळापासून करावी लागेल. चंद्रपूर आणि गडचिरोली हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते. त्याआधीच्या कागदपत्रांत हा चांदा जिल्हा. त्याच्या पानगळीच्या जंगलात बिब्ब्याची झाडे आहेत. बिब्ब्याच्या फळाच्या सालीतून काळे, जहाल तेल निघते. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात या तेलाने पोळतात. हेच तेल चुन्याबरोबर कपड्यावर लावले की त्याचा डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. म्हणून परीट त्याने कपड्यावर खूण करीत. वनस्पतिशास्त्रात बिब्ब्याच्या वंशाला ‘सेमेकार्पस’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘सेमेइऑन’ म्हणजे खूण आणि ‘कार्पोस’ म्हणजे फळ. एका झाडाचे शास्त्रीय नावच परिटाच्या कामावरून पडले आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर पुरळ उठू लागले तेव्हा त्याचे मूळ कपड्यांवरच्या या खुणांत सापडले, आणि ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ हे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत गेले.

कोपऱ्यात दोन ठिपके, एक आडवी रेघ, एक फुली. अक्षरओळख नसलेल्या माणसाने शेकडो कपड्यांच्या गठ्ठ्यातून घर ओळखण्यासाठी केलेली ही लिपी आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे लिपी म्हणूनच पाहावे असे आम्हांला वाटते. पण मग पुढचा प्रश्न येतो : खूण केव्हा करावी लागते? कपडा घराबाहेर गेला, दुसऱ्याच्या हाती गेला, आणि परत येताना त्याचा मोबदला द्यायचा असला तर. घरच्या बाईने घरच्या दगडावर धुतलेल्या कपड्याला खूण लागत नाही. आमच्या मते धुण्याच्या साऱ्या इतिहासाचे सूत्र येथे आहे. ज्या धुण्यामागे कोणाचा हक्क, कोणाचा कर, कोणाचा नफा किंवा निदान काही नवल होते, त्या धुण्यावर खूण पडली. रोजच्या घरच्या धुण्यामागे यांपैकी काहीच नव्हते.

*

खूण पडलेल्या धुण्याचे पहिले उदाहरण अर्थातच बलुत्याचे. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथामुळे त्याचे काम आणि त्याचे बलुते मराठी वाचकाला परिचित आहे. विदर्भात परिटाला वरठी म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात धोब्यांवरच्या प्रकरणात ‘वरठी’ हे मराठी मुलखातील नाव म्हणून दिले आहे. वरठ्याचे धान्य केव्हा, बाळंतपणाचे आणि सुतकाचे कपडे कोणी न्यायचे, लग्नात पायघड्या कोणी घालायच्या, यांविषयी लिहिले गेले, कारण त्यांत देणे-घेणे होते आणि देण्या-घेण्यात तंटा होऊ शकत होता.

या नोंदी वाचताना दोन गोष्टी सुटतात. एक, वरठ्याच्या कामात वरठिणीचा वाटा बरोबरीचा होता. बलुते मात्र वरठ्याच्या नावाने. दोन, वरठी गावाचे सगळे धुणे कधीच धूत नव्हता. तो धुवायचा ते जाड, पांढरे, सणासुदीचे, आणि विटाळाचे. अंगावरची रोजची लुगडी, धोतरे, पोरांची आंगडी घरातच धुतली जात. त्यातही गावगाड्याच्या नियमाप्रमाणे अस्पृश्य मानलेल्या जातींचे कपडे वरठी धूत नसे. दक्षिणेकडच्या माडिया पाड्यांवर तर बलुत्याची घडीच नव्हती. म्हणजे धुण्याच्या लिखित इतिहासात जो नायक आहे त्याच्या हातून या मुलखातले थोडेच धुणे जात होते.

दुसरी खूण महसुलाची. वऱ्हाडातील लोणारच्या खाऱ्या सरोवराचा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त येतो, तो तेथे काच आणि साबण करण्याचे जिन्नस मिळतात म्हणून. मोगल दरबारात वऱ्हाडातला साबणाचा खार ठाऊक होता. तो लावून वऱ्हाडातली बाई काय धुते हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

*

धुण्याचा इतिहास माणसांच्या कागदांत नसला तरी पाण्याच्या इतिहासात त्याची पावले दिसतात. या मुलखाच्या मधून वैनगंगा, पश्चिमेला वर्धा. चपराळ्याजवळ दोघी मिळून प्राणहिता होतात आणि सिरोंच्याला ती गोदावरीस मिळते. पण बहुतेक गावांचे धुणे या मोठ्या नद्यांवर होत नव्हते. ते होत होते तळ्यांवर आणि बोड्यांवर. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी हा धानाचा पट्टा तळ्यांचा आहे. तळे बांधील त्याला जमीन द्यावी ही गोंड राजांची रीत चांद्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. चंद्रपूर शहरातील ‘तुकुम’ या वस्तीच्या नावात तिची आठवण शिल्लक आहे. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेली ही तळी आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखली जातात. तळे कोणी बांधले, त्याच्या पाण्याने किती धान पिकते, हे नोंदले गेले. तळ्याच्या पाळीवर कोणत्या जातीच्या बायांनी कोठे धुवावे हे नोंदण्याची गरज नव्हती. ते प्रत्येकीला ठाऊक होते.

आमच्यापैकी एकाचे बालपण ब्रह्मपुरीकडच्या गावात गेले. घरात अकरा माणसे. रोवणीच्या दिवसांत सगळ्यांचे कपडे गुडघ्यापर्यंत चिखलाचे. आई आणि काकू शेतातून आल्यावर, दिवस मावळायच्या आत, धुण्याचे टोपले घेऊन बोडीवर जात. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटरचे. ते ओले झाले की एकटीला पिळवत नाही. दोघी दोन टोकांना धरून विरुद्ध दिशांनी पीळ घालीत. पावसाळ्यात बाहेर वाळत घालण्याची सोय नाही, म्हणून चुलीजवळ बांबूची दांडी टांगलेली. शाळेत जाताना सदऱ्याला धुराचा वास येई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच टोपले पुन्हा भरलेले असे. ‘धुणं सरत नाही, माणसं सरतात’ असे काकू म्हणत. हे वाक्य आम्ही येथे प्रथमच लिहितो आहोत, आणि ते लिहिण्यासारखे आहे हे कळायला आम्हांला मराठीची पदवी घेऊन वीस वर्षे जावी लागली.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. कागदात घरच्या धुण्याच्या सर्वांत जवळ जाणारा एक शब्द आहे, आणि तो याच भागात जिवंत आहे : निस्तार. रोजच्या जगण्यासाठी गावाने रानातून सरपण, गवत, बांबू घ्यावा, तळ्यावर गुरे पाजावीत, आंघोळ करावी, कपडे धुवावेत, या सामाईक वापराला मध्य प्रांतात निस्तार म्हणत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली, तरी निस्तार टिकला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६१ मध्ये ‘निस्तार पत्रक’ आहे. २००६च्या वनहक्क कायद्यातही सामूहिक हक्क सांगताना ‘निस्तार’ हा शब्द जसाच्या तसा आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा देशाचे लक्ष तेथील बांबूकडे गेले, आणि ते योग्यच होते. परंतु त्या हक्काच्या पोटात पाण्यापर्यंत जाण्याची वाटही आहे. धुण्याच्या टोपल्याला कायद्यात जागा मिळाली ती अशी, गावाच्या नावाने. बाईचे नाव तेथेही नाही, पण निदान दगड आणि पाणी तिचे राहिले.

*

मळ कशाने काढीत हा प्रश्न स्थानिक भूगोलाशी बांधलेला आहे. रानाच्या कडेच्या गावांत रिठे मिळत, आणि लाकडी सरपणाची राख घरोघर होती. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. राख पाण्यात मुरवून वरचे निवळ घेतले की तेलकट मळ सोडवणारा खार तयार होतो. आरमोरी-नागभीडकडे टसराचे कोसे उकळतानाही असाच खार वापरीत. तेथे विणलेले कोशाचे वस्त्र सोवळ्याला चाले, आणि सुती सोवळ्याप्रमाणे ते रोज धुवून वेगळे वाळत घालावे लागत नसे. सोवळे म्हणजे प्रत्यक्षात किती धुणे असते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील वडिलांच्या विलक्षण सोवळेपणाची प्रकरणे पुन्हा वाचावीत. आपण ती विनोदासाठी वाचतो. धुणाऱ्या हातांच्या बाजूने वाचली तर हसू लवकर थांबते.

जिल्ह्याच्या पश्चिमेला चित्र वेगळे. राजुरा, कोरपना हा चुनखडकाचा भाग. सिमेंटचे कारखाने तेथे आले ते त्यामुळेच. चुनखडकातून आलेल्या विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. साबणाचा चुन्याशी संयोग होऊन चिकट साका बनतो आणि तो कपड्यावरच बसतो. तेथे वडी झिजे, मळ निघत नसे, आणि दोष बाईच्या हाताला लागे. १९५९ साली सर्फ आणि १९६९ साली रिन व निरमा बाजारात आले. कृत्रिम धुलाई-पावडर जड पाण्यातही फेस देते. घरच्या धुण्यात गेल्या शंभर वर्षांत झालेल्या खऱ्या क्रांत्यांपैकी ही एक आहे. त्याचबरोबर घरचे धुणे प्रथमच सार्वजनिक भाषेत आले, जाहिरातीच्या रूपाने. आता त्यावर नफ्याची खूण पडली होती. जाहिरातीतली बाई हसतमुख होती आणि तिच्या मागे पाण्याची रांग नव्हती.

*

नवल म्हणून नोंदलेले धुणे पाहायचे तर गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेकडे जावे लागते. दक्षिण आफ्रिकेत धोब्याचा खर्च आणि त्याची दिरंगाई यांना कंटाळून त्यांनी धुलाईवरचे पुस्तक वाचले, कपडे घरी धुतले आणि स्वतः खळ दिलेली कॉलर लावून न्यायालयात गेले. खळ कॉलरवरून गळत होती आणि सहकारी वकील हसत होते. त्याच ओघात ते गोखल्यांच्या उपरण्याची हकिगत सांगतात. ते उपरणे गोखल्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले. जोहान्सबर्गच्या सत्कारासाठी त्याला इस्त्री हवी होती आणि ती गांधीजींनी केली. हा प्रसंग सुंदर आहे. तो लिहिला गेला याचे कारण मात्र विसरता येत नाही : बॅरिस्टर पुरुषाने कपडे धुणे ही घटना होती. पुढे १९३६ साली चांदा जिल्ह्यातील सावली या खादीच्या केंद्रात गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले आणि गांधीजी तेथे आले. आपले कपडे आपण धुवावेत हा आश्रमधर्म त्यांच्यामागून अनेक घरांत गेला. जाडीभरडी खादी भिजल्यावर केवढी जड होते हे त्या घरांतील स्त्रियांना ठाऊक होते, कारण पुरुषांचा हा धर्म बहुधा सभेच्या दिवसांपुरता टिकला. आमच्या दोन घरांतली आठवण तरी अशीच आहे.

या संदर्भात गाडगेबाबांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने जातीचे काम, म्हणजे दुसऱ्याचा मळ काढणे, गावाच्या रस्त्यावर आणले. कपड्याऐवजी हातात खराटा घेतला आणि बलुते मागितले नाही. ज्याच्या पूर्वजांनी गावाचे कपडे शुभ्र केले तो स्वतः चिंध्यांचे कपडे घालून हिंडला. स्वच्छतेचे काम एका जातीवर आणि घरात एका बाईवर सोपवणाऱ्या समाजाला याहून स्पष्ट बोलणे कठीण होते.

गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली. दीक्षेसाठी येणाऱ्यांनी शुभ्र वस्त्रे नेसून यावे असे सांगण्यात आले होते. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांशी बोलताना वस्त्र कसे नेसावे, स्वच्छ कसे राहावे हे आग्रहाने सांगितले होते, आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेतही स्वच्छतेचा विषय काढला होता. या उपदेशाचा अर्थ एरवी आपण ‘सुधारणा’ एवढाच घेतो. पण ज्यांचे कपडे गावचा वरठी धूत नव्हता, ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्यांच्या घरात पांढरे वस्त्र पांढरे ठेवणे याला केवढे कष्ट पडत असतील, हे लक्षात घेतले की त्या दिवसाचे चित्र बदलते. गडचिरोलीकडच्या, राजुऱ्याकडच्या वाटांनी चंद्रपुरात आलेल्या त्या पांढऱ्या गर्दीतले प्रत्येक वस्त्र कोणीतरी घरी, दूरच्या पाण्यावर, हाताने धुतले होते. त्या कपड्यांवर बिब्ब्याची खूण नव्हती. आमच्या दृष्टीने या जिल्ह्याच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे धुणे आहे, आणि ते इतिहासाच्या पुस्तकात धुणे म्हणून येत नाही.

*

राखेचा उल्लेख वर आला. या मुलखात ‘राख’ या शब्दाचा अर्थ एका पिढीत उलटला. चंद्रपूरच्या दुर्गापूर परिसरातील औष्णिक वीज केंद्र १९८०च्या दशकात सुरू झाले. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. दगडी कोळशाची राख मुख्यतः वाळू आणि मातीच्याच घटकांची असते. तिच्यात लाकडी राखेचा खार नसतो. ती कपडे धुवत नाही, मळवते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले. अहवालात हवा, पाणी, जमीन यांचे रकाने आहेत. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरकडच्या घरांत मात्र हा निर्देशांक फार आधी ठाऊक होता. दोरीवरचे पांढरे कापड संध्याकाळी काढताना त्यावर काळपट थर किती, हे बायका रोज पाहत होत्या. कपडे आत घेण्याआधी झटकायचे, शाळेचा सदरा खोलीत वाळवायचा, वाऱ्याची दिशा पाहून धुणे घालायचे, हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीचे आहे. इरई धरणाचे पाणी वीज केंद्राला लागते आणि शहरालाही. उन्हाळ्यात नळ कमी वेळ आला की पहिली तूट धुण्याच्या बादलीत पडते; तीही कोणत्या अहवालात लिहिली जात नाही.

आणि एक धुणे असे आहे की जे दोरीवरही दिसत नाही. पाळीचे कापड रात्री धुवायचे, दुसऱ्या कपड्याखाली किंवा कुडाच्या कोपऱ्यात, उन्हाशिवाय वाळवायचे. ही रीत जातीजातींत, गावोगाव आहे. दक्षिण गडचिरोलीतील माडिया गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहतात. त्यांतील काही अलीकडे पक्की बांधली गेली आहेत, म्हणजे सोय वाढली आणि प्रथा राहिली. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. हे सारे आजार धुण्यावाळवण्यातून आले असे म्हणणे चुकीचे होईल. पण तो अभ्यास ज्या गप्प बसण्याविषयी बोलतो, तेच गप्प बसणे ते कापड अंधारात वाळवते. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचे नाव त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ऐकायला कान द्यावा लागतो, कारण बोलणारी मोठ्याने बोलत नाही.

*

जनगणनेने वरठ्याला धंद्याच्या रकान्यात मोजले. घरच्यांसाठी तेच काम करणारी बाई ‘काम न करणारी’ ठरली. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची प्रायोगिक पाहणी झाली, तीत महाराष्ट्र नव्हता. संपूर्ण देशाची पहिली पाहणी जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये झाली. तीनुसार घरची विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात. पाहणीच्या वर्गवारीत कपड्यांची निगा हा वेगळा गट आहे : धुणे, वाळवणे, घडी, इस्त्री, दुरुस्ती. घरच्या धुण्यावर सरकारी कागदात पडलेली ही पहिली खूण. ती मिनिटांची आहे, हेही बरेच झाले.

मिनिटांच्या पलीकडचे काम मात्र आपल्याकडे, म्हणजे वाङ्मय शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्यांकडे येते. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आम्ही वर्गाला एक साधा स्वाध्याय देऊ लागलो आहोत. घरात धुणे कोण धुते, पाणी कोठून येते, कोणते कपडे कोणत्या क्रमाने भिजवतात, काय वेगळे धुतात आणि का, वाळत घालताना कोणते मागे आणि कोणते पुढे, आणि या सगळ्याला घरात कोणते शब्द आहेत, एवढेच लिहून आणायचे. पहिल्या वर्षी बहुतेक मुलांची वही कोरी होती. त्यांना घरी विचारावे लागले. मुलींच्या वह्या भरलेल्या होत्या. झाडीपट्टीतल्या, माडिया-गोंडी बोलणाऱ्या, राजुऱ्याकडच्या तेलुगू घरांतल्या शब्दांची आमची यादी दरवर्षी वाढते आहे. तिचे पुढे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने आपल्या स्वाध्यायाच्या शेवटी एक ओळ लिहिली होती : आईला विचारले तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, ‘हे का लिहाची गोष्ट होय?’ आम्ही त्या ओळीखाली लाल शाईने ‘होय’ एवढेच लिहिले.